दास म्हणजे मांडव

“मेम्हिर, येत्या रविवारी आमच्याकडे दास आहे आणि तुम्ही यायचेच आहे,” असे प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने मला बजावले, तेव्हा त्याच्या घरी कोणी नवा नोकर लागला असावा आणि त्याचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न माझ्या मराठी कानाला पडला होता. मेम्हिर म्हणजे शिक्षक, एवढे इरिट्रियातल्या तिग्रिन्या भाषेतले तोवर मला येत होते. दास म्हणजे मांडव, आणि आपल्याकडे ‘त्यांच्या दारी मांडव पडला’ म्हटले की लग्न हे वेगळे सांगावे लागत नाही तसेच तिथेही आहे, हे त्याने मला कागदावर चार खांब आणि त्यावर आडवी रेघ काढून समजावले. त्याच्या धाकट्या भावाचे लग्न होते. साल २००९, फेब्रुवारीचा पहिला रविवार.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इरिट्रियाची राजधानी अस्मारा. तिच्याजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी तीन वर्षे शिकवीत होतो. त्या काळात भारतातून बरेच प्राध्यापक तिकडे गेले होते. मी मूळचा मुरुडचा, म्हणजे जंजिऱ्याच्या समोरचा. आमच्या मुलखाला जुन्या कागदपत्रांत ‘हबसाण’ म्हटले आहे आणि १९४८ पर्यंत तिथे सिद्दी नवाबांचे राज्य होते. ‘हबशी’ हा शब्द आम्ही लहानपणी किल्ल्याच्या गोष्टींत ऐकला, पण इरिट्रिया आणि इथिओपियाच्या पठारावरचे लोक स्वतःला आजही ‘हबेशा’ म्हणवतात आणि मूळ शब्द तोच आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर तिकडे गेल्यानंतर उमगले. नाते त्याहूनही जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावरच्या अदुलिस बंदरात भारतातले लोखंड आणि सुती कापड उतरत असल्याची नोंद आहे, आणि त्याच पुस्तिकेत पुढे आमच्या चौलचेही बंदर म्हणून नाव येते. त्या ग्रीकांच्या लेखी तांबडा समुद्र आणि आपला अरबी समुद्र मिळून एकच ‘एरिथ्रा’ समुद्र होता. इटलीने १८९० मध्ये आपल्या वसाहतीला ‘इरिट्रिया’ हे नाव दिले ते त्यावरूनच.

मुरुडला परत आल्यापासून लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात, की त्यांची लग्ने आपल्यासारखीच असतात का. या प्रश्नाला ‘हो’ म्हणावे तर थोड्याच वेळात जीभ चावावी लागते, आणि ‘नाही’ म्हणावे तर तेही खोटे ठरते. शिवाय ‘इरिट्रियातील विवाहप्रथा’ हे शब्द ‘भारतातील विवाहप्रथा’ या शब्दांइतकेच ढगळ आहेत. त्या छोट्या देशात तिग्रिन्या, तिग्रे, साहो, अफार, बिलेन, कुनामा, नारा, हेदारेब आणि रशायदा असे नऊ समाज अधिकृतपणे मानले जातात. पठारावर बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, सखल भागात आणि किनाऱ्यावर बहुतेक मुसलमान. मी जवळून पाहिले ते पठारावरचे तिग्रिन्या लग्न. बाकीचे बरेचसे ऐकलेले, थोडेसे पाहिलेले.

लग्नसराई जानेवारीत का, हे समजायला मला वेळ लागला नाही, कारण चातुर्मास मानणाऱ्या घरात मी वाढलो. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला आणि तिमकेत हा येशूच्या बाप्तिस्म्याचा सण १९ जानेवारीला येतो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास सुरू होतो, ज्यात मांस, दूध, लोणी, अंडी सगळे वर्ज्य असते आणि लग्नाचे नावही काढत नाहीत. शेते कापून झालेली, धान्य घरात आलेले, आभाळ कोरडे आणि पुढे उपवासाची भिंत, अशा या चिंचोळ्या पट्टीत पठारावरची बहुतेक लग्ने दाटीवाटीने बसवलेली असतात. आपल्याकडे भात झोडून झाले, तुळशीचे लग्न लागले की वाडीत बैठका सुरू होतात, त्यातलाच हा प्रकार. त्या दिवसांत अस्मारातल्या गल्ल्यांतून जाताना दर दोन वळणांनंतर रस्त्यावरच आडवा दास लागलेला असतो आणि गाड्या निमूटपणे दुसऱ्या गल्लीने जातात.

मुलगी पाहण्याचा आपल्यासारखा चहापोह्यांचा कार्यक्रम मात्र तिथे मी ऐकला नाही. मागणी घालायला ‘शिमागिले’ जातात, म्हणजे गावातली मानाची वडीलधारी माणसे. सहकाऱ्याच्या वडिलांनी तीन शिमागिले पाठवले होते, त्यांतला एक तर मुलीच्याच बाजूचा लांबचा नातलग होता, कारण नकार आलाच तर तो घरातल्या घरात जिरावा. पांढऱ्या सुती नेत्सेला पांघरून आणि हातात काठ्या घेऊन हे तिघे गेले आणि पहिला तासभर पाऊस, बैल आणि कोणाच्या तरी गुडघेदुखीविषयी बोलले. मुद्द्याला हात घालायचा नाही, पण आपण कशासाठी आलो आहोत हे समोरच्याला कळले पाहिजे. हे कसब आमच्या कोकणातल्या जुन्या मध्यस्थांना जेवढे साधत असे तेवढेच त्यांनाही साधते. खरी तपासणी घराण्याची असते. पठारावरच्या तिग्रिन्या लोकांत सात पिढ्यांच्या आत रक्ताचे नाते निघाले तर ते लग्न परंपरेने होऊ शकत नाही, आणि म्हणून बापाचे, आज्याचे, पणज्याचे असे नाव मागे मागे मोजत नेण्याची तिथल्या म्हाताऱ्यांना सवय असते. सहकाऱ्याने मला त्याच्या सात पूर्वजांची नावे एका दमात म्हणून दाखवली आणि मग माझी विचारली. मी तिसऱ्या नावावर अडकलो. श्राद्धाला भटजी जेवढी विचारतात तेवढीच मला पाठ होती.

हे मी फोनवर आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्यातलंच की रे, बापाकडून सात पिढ्या नि आईकडून पाच.” सपिंडाचा नियम तिला कोणी शिकवला होता कोण जाणे, पण तो तिने अचूक सांगितला. तिच्या या ‘आपल्यातलंच की’ला पुढे काय झाले ते ओघात येईल.

दास उभा राहिला तो शुक्रवारी. शहरात हल्ली भाड्याचे मोठे कापडी तंबू येतात, पण हे गाव अस्मारापासून तासभर आत होते आणि तिथे निलगिरीचे खांब पुरून त्यांवर फांद्या आणि ताडपत्र्या टाकल्या होत्या. खांब एका घरचे नव्हते. ते गावातल्या निरनिराळ्या घरांतून खांद्यावर आले होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी कोयत्याने खूण केलेली होती, एकाला दोन खाचा, एकाला तिरपी रेघ, म्हणजे लग्न उरकले की ज्याचा खांब त्याच्या घरी बिनचूक परत जावा. माझ्या लहानपणी आमच्या आळीत पोफळीचे खांब आणि माडाची झापे अशीच गोळा होत आणि आमच्या खांबांवर आजोबा चुन्याचे बोट ओढून ठेवीत. त्या खाचा पाहताना मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो होतो, आणि पाहुण्याचे काही हरवले असे वाटून दोन मुले माझ्याबरोबर जमिनीवर शोधू लागली.

बायकांचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. ‘सुवा’ नावाची घरगुती बिअर ज्वारी, नाचणी, सातू अशा धान्यांपासून करतात आणि तिला कडवटपणा यावा म्हणून गेशो नावाच्या झुडपाचा पाला घालतात. मधापासून करतात ते ‘मेस’, पण ते महाग आणि म्हणून मानाच्या पंगतीला. परसात मोठमोठी पिंपे ओळीने लावलेली होती आणि त्यांच्या तोंडाला कापड बांधून ठेवलेले होते. मी वास घेतला आणि पहाटे माडावरून उतरलेल्या माडीची आठवण झाली, जरी चव तिच्या जवळपासही जात नाही. पण मला खरे घरी आल्यासारखे वाटले ते ‘ताइता’ करताना पाहून. टेफ नावाच्या बारीक दाण्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवायचे, ते मातीच्या मोठ्या तव्यावर कडेकडून आत गोल ओतत न्यायचे, वर जाळी पडू लागली की झाकण ठेवायचे आणि न उलटता एकाच बाजूने भाजून काढायचे. आमची आंबोळी वेगळे काय करते? आकार मात्र परातीएवढा, आणि ती ताटात वाढत नाहीत, तीच ताट असते. तिच्यावर झिग्नी, म्हणजे बेरबेरे या लाल तिखटाचे मटण, मधोमध ओततात आणि भोवती बसलेली पाचसहा माणसे आपापल्या बाजूने तोडत खातात. मासे म्हणून काही नव्हतेच. समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण गाव दोन हजार मीटरहून उंच आणि तिथल्या माणसांना मासळीची ओढ नाही, हे मला शेवटपर्यंत पटले नाही.

रविवारी पहाटे चर्चमध्ये ‘तेकलील’ झाले. हा ऑर्थोडॉक्स चर्चचा पूर्ण संस्काराचा विवाह. त्यात वधूवर दोघांच्याही डोक्यावर मुकुट ठेवतात, अंगावर झगे घालतात आणि दोघे एकत्र प्रसाद घेतात. असा विवाह मोडता येत नाही असे मानतात आणि म्हणून सगळेच तो करीत नाहीत; पुष्कळ जण ‘काल किदान’, म्हणजे शब्दाचा करार, एवढ्यावर लग्न लावतात. मुकुट पाहून मला बाशिंग आठवणे साहजिकच होते. पण बाशिंग बांधून आपला नवरदेव उत्सवमूर्ती होतो, आणि हे दोघे मुकुट घालून मान खाली घालून उभे होते, जणू डोक्यावरचे ओझे कोणी तरी तोलून दिले आहे.

वरात मुलीच्या घरी गेली, तिथे जेवली आणि मुलीला घेऊन दुपारी आमच्या दासात परतली. बायकांनी जिभेने ‘इलिल्ता’चा घोष केला, एक बाई गळ्यात ‘केबेरो’ ढोल अडकवून पुढे झाली आणि ‘ग्वायला’ सुरू झाला. ग्वायला म्हणजे फेराचा नाच. माणसे एका मोठ्या वर्तुळात पाय घासत सावकाश चालत राहतात, दिसायला अगदी सोपे, आणि मग ढोल अचानक दुप्पट वेगाने वाजू लागला की सगळे थांबून खांदे असे उडवतात की ते धडाला जोडलेले आहेत की नाही याची शंका यावी. मला ओढून आत घेतले. गौरीच्या रात्री घरातल्या बायकांचे फेर पाहत मोठा झालेला मी आपल्या समजुतीने चालू लागलो आणि चार पावलांत एका वृद्ध शिमागिल्याच्या छातीवर आदळलो, कारण सगळा फेर माझ्या उलट दिशेने येत होता. त्यांच्या हातातला सुवा माझ्या शर्टावर सांडला. त्यांनी माझे खांदे धरून मला गर्रकन फिरवले आणि स्वतः नाचत पुढे गेले. उरलेला दिवसभर मुले मला ‘मेम्हिर’ म्हणण्याऐवजी हाताने गोल वळण दाखवीत होती.

दुसऱ्या दिवशी ‘मेल्सी’. या शब्दाचा अर्थ ‘उत्तर’. आदल्या दिवशी पांढरा पाश्चात्त्य गाऊन घातलेली मुलगी आज आपल्या घरच्या वेषात होती: काठाला रंगीत विणकाम केलेली पांढरी सुती ‘झुरिया’, कवटीलगत घट्ट घातलेल्या बारीक वेण्या, कपाळावर सोने, हातांवर मेंदी, आणि वरून दोघांनाही जरीकाम केलेले काळे मखमली ‘काबा’. आपल्याकडे मांडवपरतणी असते तशी मला ही वाटली. जेवण झाल्यावर कॉफी. हिरव्या बिया समोरच भाजल्या, धूर येणारा तवा प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवला आणि मातीच्या ‘जेबेना’तून इवल्या कपांत तीन वेळा कॉफी ओतली, पहिली फेरी ‘अवेल’, दुसरी ‘कालाय’, तिसरी ‘बेरेका’. तिसरीच्या आधी उठणे शोभत नाही, कारण बेरेका म्हणजे आशीर्वाद.

मेल्सीच्या कॉफीवर बसलेलो असतानाच मी तो प्रश्न विचारला, जो कोणताही मराठी माणूस उशिरा का होईना विचारतोच: देणेघेणे किती? पठारावर पूर्वी मुलीच्या बाजूने मुलाकडे ‘गेझ्मी’ जात असे, गुरे, धान्य, कापड, पुढे रोख. सखल भागातल्या मुसलमान समाजांत याच्या उलट, मुलाकडून मुलीकडे. माझा सहकारी म्हणाला, “कायद्याने दोन्ही बंद आहे,” आणि मग त्याने वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांनी कॉफीत पाहिले. आमच्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, हे मी सांगितले आणि मीही कॉफीतच पाहिले.

त्यांचा कायदा मात्र आमच्यासारखा संसदेतून आलेला नव्हता. इथिओपियाविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध १९६१ पासून १९९१ पर्यंत तीस वर्षे चालले, आणि युद्ध चालू असतानाच इरिट्रियन पीपल्स लिबरेशन फ्रंटने १९७७ मध्ये आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी विवाहाचा कायदा केला: बालविवाह नाही, जबरदस्ती नाही, हुंडा नाही, आणि बाईलाही घटस्फोटाचा हक्क. लढवय्यांत सुमारे तिसरा हिस्सा स्त्रिया होत्या. त्यांची आपसातली लग्ने डोंगरात, खाकी कपड्यांत आणि प्लास्टिकच्या चपलांत, साथीदारांच्या साक्षीने लागली. ख्रिस्ती मुलगी आणि मुसलमान मुलगा, पठारावरचा नवरा आणि सखल भागातली बायको, असे काहीही चालून गेले. स्वातंत्र्यानंतर घरी आल्यावर मात्र सासरच्या उंबरठ्यावर यातली पुष्कळ लग्ने मोडली. मला कॉफी ओतणारी मावशी अशाच एका लग्नातली होती, हे मला नंतर समजले. खंदकात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बंदूक चालवलेल्या त्या बाईला सासूने पहिल्या दिवशी विचारले होते की ताइता करता येतो का. तिला येत नव्हता. याबद्दल ती स्वतः हसत होती, पण मला त्यात हसण्यासारखे काही सापडले नाही.

आता आईच्या ‘आपल्यातलंच की’कडे येतो. त्याच वर्षी आम्ही काही जण मसावा बंदरावर उतरलो. प्रवाळाच्या दगडाची पडकी घरे, दमट वारा, घामाने चिकटलेला शर्ट, सुकत घातलेली जाळी. अस्मारात स्वेटर घालून राहिलेल्या मला तिथे मुरुडच्या बंदरावर आल्यासारखे वाटले. आमच्यातला एक विद्यार्थी अफार होता. अफार लोक दक्षिणेकडच्या रखरखीत किनाऱ्यावरचे. त्याचे लग्न ठरले होते आणि मुलगी कोणती म्हणून विचारले तेव्हा त्याने एकच शब्द उच्चारला: “अब्सुमा.” अब्सुमा म्हणजे आतेबहीण, बापाच्या बहिणीची मुलगी, आणि अफार पुरुषाचा तिच्यावर परंपरेने पहिला हक्क मानतात. डोंगरावर सात पिढ्या मोजणारे लोक, आणि त्याच देशात खाली किनाऱ्यावर पहिल्याच पिढीत लग्न.

त्या रात्री आईला हे सांगितले तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मामाची मुलगी म्हणायचंय ना तुला?” महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे आणि आत्या आपल्या भाचीला सून करून नेते, यात तिला वावगे वाटत नव्हते. मी म्हटले, नाही, आत्याचीच. म्हणजे तिथली मुलगी आपल्या मामाच्या घरी सून म्हणून जाते. “शी! हे उलटंच झालं रे,” आई म्हणाली, आणि सात पिढ्यांवरून जुळलेले सगळे नाते तिने त्या एका शब्दात मोडले. मला वाटते, तिने उच्चारलेल्या ‘उलटंच’ या शब्दापेक्षा नेमके वर्णन मी तीन वर्षांत करू शकलो नाही. तिकडे जे जे आपल्यासारखे वाटले ते बोटाने उलटून पाहिले की आतला टाका दुसऱ्या दिशेने घातलेला निघे. पश्चिमेला बारेंतूच्या बाजूला कुनामा लोकांत तर वंशच आईकडून मोजतात आणि मूल आईच्या कुळाचे असते. हे मी आईला सांगितलेच नाही.

त्या पठारावरच्या नवऱ्या मुलाची रजा पंधरा दिवसांची होती. १९९५ च्या कायद्याने तरुणांना राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. ती कागदावर दीड वर्षाची, पण १९९८ ते २००० च्या सीमायुद्धानंतर पुष्कळांची संपतच नाही. लग्न झालेल्या आणि मुले असलेल्या बायकांना व्यवहारात तिच्यातून बहुधा सुटका मिळते, आणि म्हणून काही आईबाप मुलींची लग्ने लवकर उरकण्याच्या मागे असतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. बरेच तरुण देश सोडून गेले. युरोप-अमेरिकेत गेलेले उन्हाळ्याच्या सुट्टीत परततात तेव्हा अस्मारात त्यांना ‘बेलेस’ म्हणतात. बेलेस म्हणजे फड्या निवडुंगाची गोड बोंडे, आणि ती त्याच दिवसांत पिकून बाजारात येतात. गणपतीला आणि मे महिन्यात उतरणाऱ्या मुंबईच्या चाकरमान्यांना अजून एवढे चपखल नाव आमच्याकडे कोणी दिलेले नाही.

माझा सहकारी पुढे स्वतःच बेलेस झाला; आता जर्मनीत असतो आणि सणासुदीला व्हिडिओ कॉल करतो. गेल्या मे महिन्यात माझ्या पुतणीचे लग्न मुरुडात झाले, तेव्हा मी त्याला फोनवरून सगळे दाखवले: वातानुकूलित हॉल, थर्माकोलचे खांब, सोनेरी खुर्च्या, केटररची रांग. त्याने बारकाईने पाहिले, वधूच्या नथीचे कौतुक केले आणि मग विचारले, “दास छान आहे, मेम्हिर. खांब कोणाचे?”

“हॉलवाल्याचे,” मी म्हणालो.

त्याला वाटले, माझे तिग्रिन्या विसरत चालले आहे. त्याने तोच प्रश्न पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारला.